वाळलेल्या गवतावरील काळे ठिपके : सूक्ष्म कवकांची ओळख व वर्गीकरण

वाळलेल्या गवताच्या काडीवर, जुन्या कडब्याच्या धाटावर किंवा उसाच्या पाचटावर जे काळे ठिपके, बारीक रेघा अथवा काजळीसारखा थर दिसतो, तो धूळ बसल्यामुळे किंवा पावसात भिजून गवत ‘काळे पडल्यामुळे’ आलेला असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ग्रामीण भागातील मुले कडब्याच्या पेंढ्या रोज हाताळतात, गोठ्यातील गव्हाण भरतात, पावसाळ्यानंतर बांधावरचे गवत कापण्यास वडीलमंडळींबरोबर जातात. पण या ठिपक्यांकडे त्यांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न शाळेत क्वचितच होतो. वस्तुतः हे ठिपके म्हणजे सूक्ष्म कवके होत. व्यवहारात ज्यांस बुरशी म्हणतात, त्याच वर्गातील ही वनस्पतिसदृश सृष्टी आहे. हरितद्रव्य नसल्याने कवकास स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ते मृत काडीतील काष्ठमय द्रव्यांचे विघटन करून त्यावर जगते.

वीतभर लांबीच्या एका काडीवर चार-पाच निरनिराळ्या कवकजाती एकाच वेळी नांदत असू शकतात. नुसत्या डोळ्यांना त्या सर्व सारख्याच काळ्या दिसतात. यांतील एखादी जाती काडी कुजवून तिची माती करणारी, म्हणजे सर्वथा उपकारकच असते. दुसरी पुढील हंगामाच्या पिकासाठी रोगाचे बीज जपून ठेवते. तिसरी जनावराच्या पोटात गेली असता घातक ठरते. काळा रंग हा या तिन्हींचा समान गुण आहे आणि त्याचे कारणही समान आहे: उघड्यावर उन्हात वाळणाऱ्या काडीवर राहावयाचे म्हणजे ऊन व शुष्कता सहन करावयास हवी, आणि कवकाच्या भित्तीतील गडद रंगद्रव्य हे काम करते. यास्तव रंगावरून भेद कळत नाही. तो कळतो बीजाणूंच्या आकारावरून आणि ते बीजाणू कवकतंतूवर कसे धरले जातात यावरून. नाव कळणे ही केवळ पंडिती हौस नव्हे, याचे एक ठळक उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले आहे.

न्यूझीलंडच्या मेंढ्या

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मेंढ्यांना व गाईंना उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत एक विचित्र व्याधी जडत असे. जनावराचा चेहरा व कान सुजत, कातडी भाजल्यासारखी होऊन खपल्या धरीत, जनावर सावली शोधीत फिरे आणि पुष्कळदा दगावे. लोकांनी तिला ‘चेहऱ्याचे इसब’ असे नाव दिले. १९३८ साली या व्याधीने मेंढपाळांची फार मोठी हानी केली आणि तेव्हापासून रुआकुरा येथील पशुसंशोधन केंद्रात तिच्या कारणाचा शोध सुरू झाला. हा शोध सुमारे वीस वर्षे चालला. रोग त्वचेचा दिसत असला तरी मूळ बिघाड यकृतात आहे, हे पुढे कळून आले. यकृतातील पित्तनलिका बंद पडल्या म्हणजे हरितद्रव्याच्या पचनातून निर्माण होणारे एक द्रव्य शरीराबाहेर न पडता रक्तात साठते, ते त्वचेपर्यंत पोहोचते आणि मग सूर्यप्रकाशाने त्वचा भाजून निघते. परंतु यकृताला इजा करणारे विष गवतात येते कोठून, हा प्रश्न उरलाच. एकाच कुरणातील गवत एका आठवड्यात निर्दोष असे, तर पावसाची सर पडून उबदार हवा लाभताच पुढच्या आठवड्यात विषारी होई.

विषारी गवत कापणाऱ्या यंत्रावर काळी धूळ साठते, ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट अखेर उपयोगी पडली. ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता ते एका कवकाचे बीजाणू असल्याचे आढळले. पर्सिव्हल आणि थॉर्नटन यांनी १९५८ साली या बीजाणूंचा व विषारी गवताचा संबंध प्रसिद्ध केला. हे कवक जिवंत गवतावर वाढत नाही. गवताच्या बुडाशी साचलेल्या मृत पात्यांवर व काड्यांवर ते वाढते. मेंढी जमिनीलगत चरते, म्हणून तिच्या पोटात ते अधिक जाते. त्या काळी हे कवक ‘स्पोरिडेस्मियम’ या प्रजातीत गणले जाई, त्यावरून विषास ‘स्पोरिडेस्मिन’ असे नाव पडले. १९६० साली एलिस या कवकतज्ज्ञाने हीच जाती ‘पिथोमायसेस चार्टेरम’ या नावाखाली आणली आणि २०१५ पासून तिला ‘स्यूडोपिथोमायसेस चार्टेरम’ म्हणतात. यातील ‘चार्टेरम’ या पदाचा संबंध कागदाशी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात तिचे प्रथम वर्णन झाले ते कागदावरील नमुन्यावरून. कागद हाही मृत वनस्पतीचाच तंतू, तेव्हा यात नवल मानण्याचे कारण नाही.

कवक ओळखता येऊ लागताच उपाय हाती आला. गवताचा वजन केलेला नमुना पाण्यात खळबळून त्या पाण्यातील बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे आणि दर ग्रॅम गवतामागे त्यांची संख्या वाढू लागली की मेंढपाळांना सावध करून कळप दुसऱ्या कुरणात हलवावयाचे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. पुढे जनावरांस जस्ताचे क्षार देऊन संरक्षण करता येते, असेही दिसून आले. मोजणी करणाऱ्याला हा बीजाणू इतर काळ्या बीजाणूंपासून वेगळा ओळखता आला नाही, तर मोजणी सर्वस्वी निरुपयोगी ठरते. त्याच गवतावर त्याच वेळी निरुपद्रवी काळी कवकेही भरपूर असतात. येथे हेही सांगितले पाहिजे की ही जाती उष्ण प्रदेशांत दूरवर पसरलेली असली तरी तिचे सर्वच वाण विष तयार करीत नाहीत. आपल्याकडील काडीवर ती दिसल्यास लगेच घबराट होण्याचे कारण नाही.

खडखड्या

दूर देशातील हे उदाहरण झाले. ज्वारीचा खडखड्या रोग मात्र सोलापूरसारख्या रब्बी ज्वारीच्या प्रदेशात प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. पीक फुलोऱ्यातून दाणे भरण्याच्या अवस्थेत आले आणि जमिनीतील ओल आटली, की ताटे बुंध्याशी पोकळ होऊन वाऱ्याने कोसळतात. असे ताट उभे चिरून पाहावे. आतला गाभा नाहीसा होऊन केवळ तंतू उरलेले असतात आणि त्या तंतूंवर कोळशाची बारीक पूड शिंपडावी तसे असंख्य काळे कण दिसतात. हे कण बीजाणू नव्हेत. कवकतंतू एकमेकांत घट्ट विणले जाऊन बनलेल्या त्या कठीण गुठळ्या आहेत. प्रत्येक गुठळी सुमारे ५० ते १५० मायक्रॉन एवढी, म्हणजे हजार मायक्रॉनांचा एक मिलिमीटर या हिशेबाने मिलिमीटरचा विसावा ते सातवा भाग एवढी. ताट कुजले, जमिनीत मिसळले, तरी या गुठळ्या मातीत जिवंत राहतात आणि पुढील पिकाच्या मुळांत शिरतात.

या कवकाच्या नावांचा इतिहास वर्गीकरणातील मुख्य अडचण उत्तम रीतीने दाखवितो. एका संशोधकाने द्विदल धान्यावर त्याची बीजाणू असलेली अवस्था पाहिली व तीस एक नाव दिले; दुसऱ्याने रताळ्यावर केवळ काळ्या गुठळ्या पाहिल्या व त्यांना १९१३ साली दुसरे नाव दिले. पुसा येथे दीर्घकाळ काम केलेले व भारतीय वनस्पतिरोगशास्त्राचे जनक मानले जाणारे बटलर यांनी १९२५ साली त्या गुठळ्यांच्या कवकास ‘ऱ्हायझोक्टोनिया बटाटिकोला’ म्हटले. ही दोन्ही रूपे एकाच कवकाची असल्याचे पुढे मान्य झाले आणि आज ते ‘मॅक्रोफोमिना फेजिओलिना’ या नावाने ओळखले जाते. तथापि कृषिविषयक जुन्या पुस्तकांत बटलर यांचेच नाव आढळते, म्हणून शिक्षकांनी दोन्ही नावे ठाऊक करून घेतलेली बरी.

ज्वारीच्या कणसावरील काणी हा रोग यापासून निराळा आहे. काणीची काळी भुकटी दाण्याच्या जागी असते, धाटाच्या आत नव्हे. मुले या दोहोंत गल्लत करतात; कणीस व बुंधा शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास गल्लत राहत नाही. गव्हाच्या काडावरील तांबेऱ्याच्या काळ्या रेघांचेही तसेच. ते कवक काडी हिरवी असतानाच तिच्यात शिरलेले असते. मृत काडीवर नव्याने वाढावयास आलेल्या कवकांत त्याची गणना करू नये.

नमुने गोळा करणे

पावसाळा संपताना, म्हणजे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, नमुने विपुल मिळतात. कुसळी, मारवेल, हराळी यांच्या गतवर्षीच्या काड्या, कडब्याच्या गंजीच्या तळाशी असलेली धाटे, पाचट, भाताचा पेंढा आणि वाळलेला बांबू ही सर्व तृणकुलातीलच असल्याने चालतील. लव्हाळा मात्र गवतासारखा दिसत असूनही गवत नव्हे. त्याचे खोड बोटांत फिरविले तर तीन धारा लागतात. त्याचा नमुना घेतल्यास वेगळा ठेवावा. कवक कोणत्या वनस्पतीवर मिळाले ही माहिती ओळखीच्या कामात अर्धी किल्ली आहे. एलिस दांपत्याने १९८५ साली प्रसिद्ध केलेला सूक्ष्मकवकांचा संदर्भग्रंथ याच तत्त्वावर रचलेला आहे: आधी आधारवनस्पती शोधावयाची, मग तिच्यावर आढळणारी कवके. म्हणून प्रत्येक काडी कागदी पाकिटात घालून त्यावर गवताचे नाव, गाव, जागा (बांध, कुरण, गंजी इत्यादी) व दिनांक लिहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडी घामेजते आणि मूळ कवकांवर दुसरीच बुरशी माजते.

काडीचा कोणता भाग घेतला हेही लिहावे. शेफिल्ड विद्यापीठातील जॉन वेबस्टर यांनी १९५६ साली एका कुरणातील गवताच्या मृत काड्यांवर कवके कोणत्या क्रमाने येतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या पेरांवरील वस्ती व जमिनीलगतच्या पेरांवरील वस्ती एक नसते, आणि काडी जसजशी जुनी होते तसतशी एक वस्ती जाऊन दुसरी येते, असे त्यांना दिसले. याचे कारण उघड आहे. वरचे पेर लवकर वाळते व उन्हात तापते. खालचे ओलसर राहते व मातीतील कवकांस जवळ पडते. सातवीच्या विद्यार्थ्यांकडून ज्वारीच्या एका धाटाची पेरे खालून वर क्रमांक घालून तपासून घ्यावीत. प्रत्येक पेरावर ठिपक्यांचे किती प्रकार दिसतात, एवढीच नोंद केली तरी हा फरक त्यांच्या ध्यानी येईल, आणि तो पुस्तकात वाचलेला नसून स्वतः पाहिलेला असेल.

काडी फार कोरडी असून कवकावर बीजाणू दिसत नसतील, तर तिचे बोटभर तुकडे करून झाकणाच्या काचपात्रात किंवा पसरट डब्यात ओल्या टीपकागदावर ठेवावेत. तीन ते सात दिवसांत बीजाणू तयार होतात. पाणी साचू देऊ नये. टीपकागद ओला हवा, काडी भिजलेली नको.

एक सावधगिरी आवश्यक आहे. बुरसटलेला कडबा वर्गात झटकू नये व त्याचा वास घेऊ देऊ नये. ओलसर अवस्थेत रचलेल्या वैरणीत उष्णता वाढून जे सूक्ष्मजीव माजतात, त्यांची धूळ वारंवार श्वासावाटे गेल्याने शेतकऱ्यांना फुफ्फुसाचा विकार होतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलास हे काम देऊ नये. इतरांनीही काडी किंचित ओलसर करूनच हाताळावी.

भिंगाखाली व सूक्ष्मदर्शकाखाली

दहापट शक्तीच्या हातभिंगाने पाहिले तरी पहिली विभागणी करता येते. काही ठिपके काडीच्या पृष्ठावर मखमलीसारखे किंवा भुकटीसारखे पसरलेले असतात. बोट लावताच काळे होते. यांत बीजाणू उघड्यावर, मोकळ्या तंतूंवर धरलेले असतात. काही ठिपके त्वचेत रुतलेले, टणक आणि बोटाला न लागणारे असतात. यांत बीजाणू एका सूक्ष्म कुपीत किंवा बशीसारख्या आसनावर त्वचेखाली तयार होऊन त्वचा फाडून बाहेर पडतात. ज्वारीवरील ‘कोलेटोट्रिकम’ या रोगकारक कवकाच्या बशीतून ताठ काळे केस उभे राहिलेले असतात. उजेडाकडे काडी तिरपी धरून भिंगातून पाहिल्यास ते बारीक कुसांसारखे दिसतात. तिसरा प्रकार वर सांगितलेल्या गुठळ्यांचा.

पुढील ओळखीस सूक्ष्मदर्शक यंत्र हवे. उच्च प्राथमिक शाळेच्या विज्ञानसाहित्यात ते असल्यास ४० पट शक्तीचे वस्तुभिंग व १० पट शक्तीचे नेत्रभिंग लावून ४०० पट मोठी प्रतिमा मिळते व ती पुरेशी आहे. नसल्यास घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकातूनही, जो फोल्डस्कोप या नावाने मिळतो, मोठे बीजाणू दिसू शकतात. काचपट्टीवर पाण्याचा थेंब घ्यावा, सुईच्या टोकाने ठिपक्याचा अगदी लहान अंश उचलून त्यात ठेवावा व आच्छादक काच तिरपी टेकवून हलकेच खाली सोडावी. काळे बीजाणू पाण्याने सहजी भिजत नाहीत आणि हवेचे बुडबुडे अडकतात; म्हणून आधी स्पिरिटचा एक थेंब टाकून तो उडाल्यावर पाणी घालावे. दुसरी सोपी युक्ती म्हणजे पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा ठिपक्यावर हलकेच दाबून काचपट्टीवर चिकटविणे. या रीतीने बीजाणू आपल्या दांड्यावर जसेच्या तसे राहतात, आणि तेच पाहावयाचे असते. प्रयोगशाळेत वापरतात ते फेनॉलयुक्त द्रावण त्वचेस भाजणारे असल्याने प्राथमिक शाळेत वापरू नये.

अंश नेहमी अल्प घ्यावा. नवशिक्याच्या काचपट्टीत सर्व काही असते, फक्त दिसत काही नाही.

काही ठळक रूपे

‘कर्व्ह्युलेरिया’चा बीजाणू एकदा पाहिला की विसरत नाही. तो साधारणतः चार कप्प्यांचा, तपकिरी. टोकांकडील कप्पे फिके, आणि मधल्या दोहोंपैकी एक इतरांहून मोठा व गडद. हा मोठा कप्पा एका अंगाने फुगल्याने सबंध बीजाणू काजूच्या गरासारखा वाकतो. लांबी २० ते ३० मायक्रॉन. खरीप ज्वारीत दाणे भरताना पाऊस लागला म्हणजे दाणे काळे पडतात, त्यास कारणीभूत होणाऱ्या कवकांत याची एक जाती आहे. काडीवर तिचा साठा असतोच.

‘निग्रोस्पोरा’चा बीजाणू गोल, गुळगुळीत, अखंड काळा व चकचकीत असतो, जणू उडदाचा दाणाच. त्यात कप्पे नसतात. तो एका फुगीर, पारदर्शक कोशिकेवर बसलेला असतो. या प्रजातीच्या एका जातीत बीजाणू नुसता गळून पडत नाही, तर नेम धरून मारावा तसा दूर फेकला जातो. हे वेबस्टर यांनीच १९५२ साली दाखविले. ‘पेरिकोनिया’ हे कवक हातभिंगातूनच ओळखू येण्याजोगे आहे. काळा, ताठ दांडा आणि त्याच्या शेंड्याला गोल डोके, अशी टाचणी टोचून ठेवल्यासारखी त्याची ठेवण असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते डोके म्हणजे बारीक काटेरी गोल बीजाणूंचा पुंजका असल्याचे दिसते. ‘टोरुला’त दांडा जवळजवळ नसतोच, मण्यांची माळ तुटून पडावी तसे खरखरीत बीजाणूंचे तुकडे विखुरलेले असतात.

‘अल्टर्नेरिया’ व आधी वर्णिलेले ‘स्यूडोपिथोमायसेस’ यांत गोंधळ होण्याचा संभव अधिक, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. दोहोंचे बीजाणू तपकिरी असून त्यांत आडवे व उभे असे दोन्ही प्रकारचे पडदे असतात. म्हणजे ते विटांच्या भिंतीसारखे दिसतात. परंतु अल्टर्नेरियाचा बीजाणू एका टोकाकडे निमुळता होऊन त्याला चोच आलेली असते, आणि असे बीजाणू एकापुढे एक साखळीने लागलेले असतात. स्यूडोपिथोमायसेसचा बीजाणू पिंपासारखा, दोन्ही टोकांना बोथट, बारीक काटे असलेला व एकटा असतो. त्याला चोच नसते. शिवाय तो आपल्या लहानशा देठावरून सुटताना देठाचा तुकडा बुडाशी घेऊनच सुटतो. आंबा तोडताना देठाचा अंश फळाला राहतो, तसे हे आहे. न्यूझीलंडमधील मोजणीत हीच खूण उपयोगी पडते.

सर्वांत मनोहर म्हणावा असा बीजाणू ‘टेट्राप्लोआ’चा. बर्कली व ब्रूम यांनी १८५० साली वर्णन केलेल्या या कवकाचा प्रत्येक बीजाणू चार उभ्या स्तंभांचा बनलेला असून प्रत्येक स्तंभाच्या शेंड्यावर एक लांब काटा असतो. तो गवताच्या बुडाशी, मातीलगतच्या पेरांवर शोधावा. वरच्या पेरांवर शोधीत बसल्यास निराशा पदरी येईल.

वर्गीकरणाचा पाया

या रूपांची मांडणी कशी करावयाची? इटलीतील पादुआ येथील साकार्डो यांनी १८८२ पासून जगातील सर्व ज्ञात कवकांची वर्णने एकत्र करणारा बहुखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बीजाणूंवर आधारलेली सोपी पद्धत रूढ केली. बीजाणू रंगहीन की गडद, एककोशीय की द्विकोशीय, पडदे फक्त आडवे की आडवे-उभे, आकार ताऱ्यासारखा, सुतासारखा की मळसूत्रासारखा, असे प्रश्न क्रमाने विचारावयाचे. शाळेतील कामास ही पद्धत आजही उत्तम, कारण काचपट्टीवर जे दिसते त्यावरच ती उभी आहे. तिचा दोष असा की दिसण्यात सारखे असलेले परके एकत्र येतात आणि सख्खे भाऊ दूर पडतात. केवळ टोपीवरून माणसांची कुळे ठरविण्यासारखाच तो प्रकार होय.

१९५३ साली स्टॅन्ली ह्यूज यांनी निराळा प्रश्न पुढे आणला: बीजाणू दिसतो कसा यापेक्षा तो जन्मतो कसा? साखळी घेतली तर तीत सर्वांत लहान वयाचा बीजाणू कोठे आहे, टोकाशी की बुडाशी? ‘क्लॅडोस्पोरियम’ व अल्टर्नेरिया यांत जुन्या बीजाणूच्या शेंड्यावर नवा अंकुरतो, म्हणून सर्वांत कोवळा टोकाशी असतो. शिळ्या भाकरीवरील निळसर-हिरव्या ‘पेनिसिलियम’मध्ये बाटलीच्या आकाराच्या कोशिकेच्या तोंडातून एकामागून एक बीजाणू बाहेर ढकलले जातात, म्हणून सर्वांत कोवळा बुडाशी असतो. दोन्ही साखळ्याच, परंतु एक शेंड्याकडून वाढणारी आणि दुसरी बुडाकडून. त्यांचे गोत्र एक नव्हे. भारतातील अशा कवकांचा विस्तृत ग्रंथ मद्रासचे सी. व्ही. सुब्रमणियन यांनी लिहिला व तो १९७१ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला.

याखेरीज एक जुनी अडचण होती. एकाच कवकाचे लैंगिक व अलैंगिक असे दोन अवतार असू शकतात, हे फ्रान्समधील तुलान बंधूंनी १८६१ ते १८६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले होते. परंतु हे दोन अवतार पुष्कळदा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी सापडतात, त्यामुळे दोहोंना दोन नावे ठेवण्याची मुभा नियमांतच होती. भाताच्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचे कवक घ्या. त्याच्या अलैंगिक अवस्थेस १९०० साली ‘हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी’ हे नाव मिळाले, पुढे तिला ‘बायपोलॅरिस’ प्रजातीत घातले. लैंगिक अवस्थेस ‘कॉक्लिओबोलस’ हे नाव मिळाले, आणि त्या नावाला १९४२ साली जे विधिवत रूप आले, त्यात नागपूर येथे मध्य प्रांत सरकारचे कवकतज्ज्ञ असलेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांचा वाटा आहे. त्याच वर्षी या रोगाने बंगालमध्ये भातपिकाची मोठी हानी केली; पुढील वर्षीच्या दुष्काळाच्या कारणांत तिचा भाग किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २०११ साली मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने दोन नावांची ही मुभा काढून घेतली. २०१३ पासून एका कवकास एकच नाव, असा नियम आहे, आणि भाताच्या या कवकास आता ‘बायपोलॅरिस ओरायझी’ म्हणतात.

कोशिकेतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याची सोय झाल्यापासून नाते ठरविण्यास लैंगिक अवस्था सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. तिच्यावरून असे दिसते की मृत गवतावरील ही बहुतेक काळी कवके धानीकवकांच्या, म्हणजे लैंगिक बीजाणू सूक्ष्म पिशवीत तयार करणाऱ्या कवकांच्या, मोठ्या कुळात मोडतात. ज्वारीवरील व मक्यावरील कोलेटोट्रिकम पूर्वी एकाच नावाखाली गणले जात, आता त्या दोन जाती मानल्या जातात. सूक्ष्मदर्शकाने प्रजातीपर्यंत पोहोचावे आणि जातीचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा, ही मर्यादा शिक्षकांनी पाळणे योग्य. चुकीच्या जातिनामापेक्षा ‘कर्व्ह्युलेरियाची एक जाती’ एवढीच नोंद अधिक शास्त्रीय असते.

नमुना जतन करावयाचा असल्यास काडी सावलीत पूर्ण वाळवून, वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवून, पाकिटात बंद करावी. सोबत काचपट्टीवर दिसलेल्या बीजाणूचे पेन्सिलीने काढलेले चित्र व शक्य असल्यास अंदाजे माप ठेवावे. मापासाठी यंत्र नसेल तर त्याच काचपट्टीवर डोक्याचा केस ठेवून तुलना करता येते; केसाची जाडी बहुधा ६० ते ९० मायक्रॉन असते, तेव्हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा बीजाणू सुमारे २५ मायक्रॉनचा धरावयास हरकत नाही. असे वाळलेले नमुने दीर्घकाळ टिकतात. पुणे येथे १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने सुरू झालेल्या व आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आजरेकर यांच्या नावाचे कवकसंग्रहालय असून तेथे अशाच वाळलेल्या काड्या, पाने व साली क्रमांक लावून ठेविलेल्या आहेत. खडखड्यासारख्या पिकाच्या रोगाची शंका असल्यास नमुना कृषि विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे दाखवावा; अशा वेळी केवळ धाटाचा तुकडा न नेता मुळांसह संपूर्ण बुंधा, त्याच शेतातील एका निरोगी ताटाच्या बुंध्यासह, कोरड्या कागदात गुंडाळून न्यावा.